मुक्या जनावराला छळल्याचा दंड ५० रुपये: कायदा, श्रद्धा आणि आपण

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लांबलचक होईल, सवडीने वाचा.

आपल्याकडे जनावराला मारलं, उपाशी डांबून ठेवलं, पेलणार नाही एवढं ओझं लादलं, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रक्कम १९६० ची आहे आणि अजून तीच आहे. आज पुण्यात ५० रुपयांत धड एक मिसळ येत नाही.

हा कायदा आला तो नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीमुळे. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक मांडलं, सरकारने ते मागे घ्यायला लावून स्वतःचा कायदा करायचं कबूल केलं. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. मग पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत आपण त्याचं काय केलं?

मला वाटतं, अडचण नुसत्या दंडाच्या रकमेची नाही. आपण जनावराच्या वेदनेकडे बघतच नाही, ते आपलं कोण लागतं एवढंच बघतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावायची, झूल घालायची, पुरणपोळी भरवायची. आणि हंगाम सुरू झाला की दौंड-इंदापूरकडे उसाच्या गाड्या बघा. चढाला लागलेल्या गाडीच्या बैलांची मान खाली, तोंडाला फेस, खांदेसुजीवर पुन्हा तेच जू. १९६५ चे नियम सांगतात की ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. हे नियम गाडीवानाला कुणी सांगितलेत का? त्याला पैसे मिळतात टनावर. त्याचीही पाठ मोडलेलीच असते, त्यामुळे मी त्याला एकट्याला दोष देणार नाही. पण बैल तर त्याच्याही खाली आहे.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. दक्षिण कोरियात घरोघरी कुत्री लाडाने पाळतात आणि तिथेच कुत्र्यांच्या मांसाचे फार्मही चालत होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला, शिक्षा २०२७ पासून लागू. स्पेनमध्ये कॅटालोनियाने २०१० मध्ये बैलांच्या झुंजी बंद केल्या, २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण झुंज हा राष्ट्रीय वारसा. आपल्या बैलगाडा शर्यतीच्या वादात आपण हेच सगळं ऐकलंय.

तुम्हाला काय वाटतं? एक विनंती, सणातली कुर्बानी आणि जत्रेतला बोकड यावर गाडी नेऊ नका. त्यावर इथे आधी जे झालंय ते सगळ्यांना आठवत असेल.

वकील शनिवारवाले

रानजाई, विषय चांगला मांडलात. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

५० रुपये खरेच, पण त्याच्याइतकीच मोठी अडचण म्हणजे कलम ११ खालचे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे तुम्ही चौकीत गेलात की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, अटक तर दूरच. म्हणून तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आवर्जून लिहायला लावा. जनावर मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं, याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. आधी दंड संहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि शिक्षा जनावराच्या किमतीवर ठरायची. १ जुलै २०२४ पासून किमतीची अट गेली. ही सुधारणा मोठी आहे, तिची चर्चा मात्र झाली नाही.

त्याच संहितेत एक भोक पडलंय. जुन्या ३७७ खाली प्राण्यांवरचा लैंगिक अत्याचार गुन्हा होता. नव्या संहितेत ते कलमच घेतलं नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. माझ्या मते ही गंभीर चूक आहे.

१९६० च्या कायद्यात दुरुस्ती करायचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. दंड वाढवणं, क्रौर्याच्या गंभीर प्रकारांना कैद, सगळं होतं त्यात. पुढे तो मसुदाच राहिला.

आता तुलना बघा. २०१७ मध्ये महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींसाठी याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. शर्यतीत बैलाला इजा केली, नियम मोडले, तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणाऱ्या बैलाला टोचणी लावली तर लाखांत, तोच बैल दुसऱ्या दिवशी गोठ्यात उपाशी बांधला तर ५० रुपये. रानजाई म्हणतात ते नातं कायद्याच्या पुस्तकातच उतरलंय.

जुन्नरचा पोऱ्या

मी राहायला आता वाकडला, पण गाव जुन्नर तालुक्यात. घरी शर्यतीचा गाडा आहे, त्यामुळे बोलणं भाग आहे.

शहरात बसून बैलगाड्यावर बोलणारे बरेच जण घाटात कधी उभे राहिलेले नसतात. आमच्याकडे गाड्याला चार बैल, पुढे घोडी. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते सेकंदांत. त्या सेकंदांसाठी वर्षभर खिल्लार बैलाला अंडी, दूध, उडदाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड. घरातल्या पोरांना अंडं मिळालं नाही तरी चालेल पण बैलाला मिळालंच पाहिजे, असं म्हणणारा माझा चुलता आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मग २०१५ ला बैल कापायलाही राज्यात बंदी आली. शेतात ट्रॅक्टर, घाट बंद, बाजारात गिऱ्हाईक नाही. खोंडं अक्षरशः मातीमोल गेली. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, तेव्हा गावात भंडारा उधळला गेला तो उगाच नाही.

पण हेही लिहितो. मी लहान असताना बैलांच्या शेपट्या चावताना, खिळ्याची काठी टोचताना पाहिलंय. ते कुणी नाकारू नये. आता पुष्कळ कमी झालंय, कारण परवानगी कलेक्टरकडून घ्यावी लागते, चित्रीकरण होतं आणि आयोजकाला अनामत जाण्याची भीती असते. म्हणजे बंदीने जे साधलं नाही ते नियम आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाने साधलं. प्राणीमित्रांनी कोर्टात भांडण केलं नसतं तर हे नियमही आले नसते, हे मी आमच्या गावात सांगतो आणि शिव्या खातो.

आणि एक. आमच्याच तालुक्यात आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा. तिथे लोक आजही माथा टेकतात. आम्हाला जनावराची कदर नाही असं कुणी म्हणू नये.

पुणेकर म्युनिक

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे. इथे २००२ मध्ये प्राण्यांचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं, कलम २० अ. इथल्या कायद्याप्रमाणे सबळ कारणाशिवाय कुठल्याही कणाधारी प्राण्याला मारता येत नाही. कुत्रा पाळायचा तर गावाला कर भरायचा. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनिपिग एकटा ठेवायला मनाई आहे, त्याला जोडीदार लागतो. सुट्टीत पुण्याला आलो की मित्रांना हे सांगतो आणि सगळे भारावतात.

मग मी त्यांना डुकरांचं सांगतो. याच देशात ५० ते ११० किलोच्या डुकराला कायद्याने द्यायची किमान जागा पाऊण चौरस मीटर. एवढ्यात ते अंग वळवू शकतं, बस. कोंबडीची पिल्लं अंड्यातून निघाली की नर वेगळे काढून पहिल्याच दिवशी मारून टाकायची पद्धत होती, ती बंद झाली थेट २०२२ मध्ये. घटनेत नाव आलं म्हणून सगळ्यांचं भलं झालं नाही. सोफ्यावरच्या कुत्र्याचं झालं, शेडमधल्या डुकराचं राहिलं. म्हणजे रानजाईंचं निरीक्षण इथेही तंतोतंत लागू.

कणादी

@पुणेकर म्युनिक, पाऊण चौरस मीटर हे डोक्यात बसलं. आमच्या जेवणाच्या टेबलाएवढीही जागा नाही.

दोन मुलांची आई, बिबवेवाडी

सगळं वाचलं. राग मानू नका, पण या चर्चेत माणसाचं मूल कुठे आहे?

माझ्या धाकट्याला शाळेच्या बसची वाट बघताना कुत्रं चावलं. पोटरीला, खोल. ०, ३, ७, १४, २८ असं इंजेक्शनांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं होतं. जखमेत द्यायचं सीरम एका दवाखान्यात संपलं होतं, दुसऱ्या ठिकाणी धावलो. त्या रात्री मी झोपले नाही, कारण रेबीज झाला की परतीची वाट नाही हे मला माहीत होतं. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण ३६ टक्के भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात मुलं खूप असतात.

मी कुत्र्यांचा द्वेष करत नाही. माझ्या माहेरी कुत्रा होता. पण ज्या ताई रोज संध्याकाळी गेटसमोर दूधभात ठेवतात, त्यांना मी काही बोलले की मी निर्दयी ठरते. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय ना, ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायचं, रस्त्यात नाही? मग कायदा दोघांनाही लागू होऊ दे.

पशुवैद्य, हडपसर

आईंचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. चावा घेतल्यावर पहिली गोष्ट, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. हे मी प्रत्येक ठिकाणी लिहितो, कंटाळा आला तरी वाचा.

आता कुत्र्यांच्या संख्येचं. नसबंदीच्या २०२३ च्या नियमांनुसार कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. लोक विचारतात की परत का आणता? माझ्या पाहण्यातलं सांगतो. संध्याकाळी गाडी येते, जाळं टाकतात, पिंजऱ्यावर चिठ्ठी: कुठल्या चौकातून, कुठल्या खांबाजवळून. शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस देतात, कानाला खाच पाडतात म्हणजे पुन्हा उचललं जाऊ नये. जखम भरली की त्याच खांबाजवळ सोडतात. हे कुत्रं आता वितत नाही, लस घेतलेलं आहे आणि आपल्या हद्दीत परकं कुत्रं येऊ देत नाही. त्याला कायमचं हलवलं तर ती जागा आठवड्यात भरते, कारण कोपऱ्यावरचा ओला कचरा आणि मटणाच्या दुकानाचं टाकाऊ तिथेच असतं. येणारं कुत्रं लस नसलेलं असतं आणि हद्दीसाठी भांडणारं असतं.

पण हे चालतं कधी? जेव्हा एका भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळते तेव्हाच रेबीजची साखळी तुटते. दहा इथली, पाच तिथली असं करून काही होत नाही. गोव्याने गल्लीगल्लीत जाऊन लसीकरण केलं आणि २०२१ मध्ये तो रेबीज नियंत्रित भाग जाहीर झाला. गोवा काही वेगळ्या ग्रहावर नाही. आमच्याकडे डॉक्टर आहेत, पिंजरे कमी पडतात, पकडणारी प्रशिक्षित माणसं त्याहून कमी. नगरसेवकांना रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकबद्दल विचारता तसं याबद्दलही विचारा.

इतिहासप्रेमी

कुत्री हलवण्याचे प्रयोग जुने आहेत. १९१० मध्ये इस्तंबूलमधली हजारो कुत्री उचलून मार्मारा समुद्रातल्या एका उजाड बेटावर नेऊन सोडली. पाणी नाही, अन्न नाही. किनाऱ्यावर रात्रभर आवाज यायचा असं वर्णन आहे. त्याच तुर्कस्तानने २००४ मध्ये नसबंदी करून जागेवर सोडायचा कायदा केला, नगरपालिकांनी तो धड राबवला नाही, संख्या वाढली, मुलं जखमी झाली, आणि जुलै २०२४ मध्ये संसदेने कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा, आक्रमक आणि असाध्य आजारी कुत्र्यांना मारायचाही कायदा केला. आईंनी आणि पशुवैद्यांनी दोघांनी हे बघावं. अर्धवट राबवलेला दयेचा कायदा लोकांना क्रूर कायद्यापर्यंत ढकलत नेतो.

आपल्याकडे १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला माणसं लावली, मारलेल्या कुत्र्यामागे पैसे. पारश्यांना कुत्रा पवित्र. फोर्टमध्ये दंगल उसळली, बाजार बंद पडले, लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. भुलेश्वरला तो आजही आहे. इंग्लंडमध्ये गुराढोरांवरच्या क्रौर्याविरुद्धचा पहिला कायदा १८२२ चा, म्हणजे हे सगळं एकाच पिढीत चाललं होतं. त्यांच्याकडे कायद्याने, आपल्याकडे धर्मादायाने.

आजोबा, सदाशिव पेठ

बाळांनो, छान लिहिताय. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. हे आम्ही लहानपणी कीर्तनात ऐकलं. लक्षात घ्या, गाढव आणि कुत्रं. गाय नाही, नाग नाही, हत्ती नाही. ज्यांना कुणी पूजत नव्हतं नेमकी तीच जनावरं संतांनी निवडली. तुमच्या त्या कायद्याच्या कलमांत जे शोधताय ते तिथे सांगून झालंय.

दुसरं, माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जामनगरला नेली तेव्हा अख्खा कोल्हापूर जिल्हा रडला. माझी भाची त्या गर्दीत होती. मला ते रडणं खोटं वाटत नाही. पण न्यायालयाने तिच्या पायांची अवस्था, तिचं एकटेपण बघितलं आणि सांगितलं की मिरवणुकीच्या हक्कापेक्षा तिचा नीट जगण्याचा हक्क मोठा. हत्ती कळपातलं जनावर आहे. आपल्याला तिचा लळा होता म्हणून तिला काँक्रीटवर एकटीने उभं राहावंसं वाटत होतं, असं कसं म्हणायचं? भाचीला हे बोललो तर ती महिनाभर फोनवर बोलली नाही. तरी मी बोललो ते मनापासून.

रानजाई

आजोबा, नाथांचं आणि नामदेवांचं तुम्ही ज्या तऱ्हेने मांडलंत ते मला आजवर असं दिसलं नव्हतं. मनापासून आभार.

@जुन्नरचा पोऱ्या, बिबट्यांबद्दल काही लिहाल का? पुण्यातल्या चर्चेत ते नेहमी राहून जातं.

जुन्नरचा पोऱ्या

लिहितो. ऊस म्हणजे आमच्याकडच्या बिबट्यांचं जंगल. मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, मांजराच्या पिल्लाएवढी, डोळे नीट उघडलेले नसतात. आता लोक वनखात्याला फोन करतात. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली मंडळी येतात, पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येते, तोंडात धरून एकेक नेते. मी हे लांब लावलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात पाहिलंय. ऊसतोड टोळीतल्या बायाही तेव्हा काम थांबवतात. कायद्याची भीती असेल, पण तेवढीच नाही.

आणि याच पट्ट्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडला लहान मुलांसह माणसं गेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी बिबट्याला गोळी घातली. ज्या बाईचं लेकरू गेलं तिला बिबट्याला संरक्षण देणारी वन्यजीव कायद्याची अनुसूची एक सांगायला कुठल्या तोंडाने जायचं? वाघोबाला नैवेद्य दाखवणारी माणसं आहेत ही. त्यांची साधी मागणी आहे की शेतीपंपाची वीज दिवसा द्या, म्हणजे रात्री बारा वाजता पाणी धरायला उसात शिरावं लागणार नाही. ते झालं तर माणूसही वाचेल आणि बिबट्याही. पण वीज हा प्राणीप्रेमाचा विषय आहे असं कुणाला वाटत नाही.

दोन मुलांची आई, बिबवेवाडी

पशुवैद्य साहेब आणि जुन्नरचे दादा, तुमच्या लिहिण्याने थोडं शांत वाटलं. माझं म्हणणं बदललेलं नाही. पण आमच्या गेटवरच्या कुत्र्यांपैकी किती जणांच्या कानाला खाच आहे हे मी आज पहिल्यांदा बघितलं. एकाच्याही नाही. म्हणजे ताई खायला घालतात, महापालिका फिरकत नाही, आणि भोगतं माझं मूल.

वकील शनिवारवाले

मग तिथूनच सुरुवात करा. २०२३ च्या नियमांतला २० वा नियम वाचा. खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी. मुलं-वृद्धांची वर्दळ कमी असेल अशी वेळ ठरवायची. खायला घालणाऱ्याने तिथे घाण ठेवायची नाही, आणि कुत्री लसीकरणासाठी पकडायला त्याला स्वेच्छेने मदत करता येते. वाद मिटला नाही तर समिती बसते, त्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, संस्थेचे लोक, तक्रारदार आणि सोसायटी सगळे असतात. म्हणजे गेटसमोरचं ताट नियमात बसत नाही, आणि ताईंना खायला घालू नका म्हणणंही बसत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज द्या, कुत्र्यांची संख्या आणि फोटो जोडा, पोच घ्या. नमुना हवा असेल तर मी इथेच टाकतो.

दोन मुलांची आई, बिबवेवाडी

टाका प्लीज. त्या ताईंनाही सही करायला सांगते. पकडायला आले की कुत्री त्यांच्याच हाकेला येतील.

पशुवैद्य, हडपसर

हे फार कामाचं आहे. अर्जात तेही लिहा, की ओळखीचं माणूस सकाळी सहाला हजर असेल. पकडणाऱ्या पथकाची अर्धी मेहनत वाचते. आदल्या रात्री खायला घालू नका, भूल द्यायची असते.